पहिला घाणा बिघडू द्या

गेल्या दिवाळीच्या आधीच्या रविवारी माझ्या भाच्याने चकलीचा ताळेबंद मांडला. मी सोऱ्या धुऊन पुसत होतो आणि तो ओट्याला टेकून फोनवर बोटं चालवत होता. "मामा, तुझ्या तासाचे ९०० रुपये धर. पाच तास जाणार, म्हणजे ४,५००. भाजणी, तेल, गॅस मिळून ४००. दोन किलो चकली तुला ४,९०० रुपयांना पडली. कोपऱ्यावर ६०० रुपये किलोने मिळते, १,२०० मध्ये काम झालं असतं. तू ३,७०० च्या खड्ड्यात आहेस." फोन खिशात टाकता टाकता त्याने पुस्तीही जोडली, "आणि कोपऱ्यावरची चकली तुझ्या चकलीपेक्षा चांगली असते."

पुस्ती खरी आहे. माझ्या चकलीला काटा बरा येतो, पण शेवटचं टोक दाबायला मी हटकून विसरतो आणि तेलात तिचं वेटोळं सुटतं. ताटात ती चकलीपेक्षा प्रश्नचिन्हासारखी दिसते. तरीही भाच्याचं म्हणणं मला मान्य नाही, आणि ते का नाही हे नीट सांगायला हवं. कारण हा हिशेब त्याच्या एकट्याचा नाही. घरी लोणचं घाला, कंदील बांधा, जुन्या साड्यांची गोधडी शिवा, की कोणीतरी हाच हिशेब घेऊन पुढ्यात उभा राहतो: "सगळं विकत मिळतं की आता. कशाला एवढी दगदग?"

बत्तीस वर्षं लोकांचे हिशेब तपासून मी पोट भरतो आहे. अनुभव असा की बेरीज सहसा चुकत नाही, खातं चुकतं. गोव्याच्या सहलीचं बिल कचेरीच्या प्रवासखर्चात टाकलेलं असतं आणि बेरीज मात्र पैशापर्यंत बिनचूक असते. भाच्याने तेच केलं. त्याने चकली किराणा खात्यात टाकली. ती करमणूक खात्यातली आहे.

हाच भाचा महिन्यातून दोनदा मल्टिप्लेक्समध्ये सिनेमा बघतो. तिकीट, पॉपकॉर्न, गाडीचं पार्किंग धरून हजार रुपये जातात आणि जाऊन-येऊन चार तास. त्या चार तासांचे ९०० च्या दराने ३,६०० रुपये तो तिकिटात मिळवत नाही. मिळवले तर सिनेमा बघणं त्याला परवडणारच नाही. पर्वती चढताना, मित्रांबरोबर कटिंग पिताना, मॅच बघताना कोणाचंच मीटर चालू नसतं. ते चालू होतं फक्त माणूस हाताने काही करायला बसला की. पीठ मळायला घेतलं रे घेतलं की तासाचा भाव निघतो.

शिवाय तो भाव मुळात खोटा आहे. त्या रविवारी दुपारी तीन वाजता मला कोणी ९०० रुपये देऊ करत नव्हतं. भाच्यालाही नाही. मी त्याला विचारलं, "बाबा रे, तू फराळ विकत आणतोस, तुझे पाच तास वाचतात. मागच्या रविवारी त्यांचं काय केलंस?" पोरगा प्रामाणिक आहे. तो म्हणाला, थोडा वेळ झोपलो आणि मग व्हिडिओ बघत बसलो. कसले? कुठल्याशा जंगलात एक माणूस एकही शब्द न बोलता माती कालवतो, चूल बांधतो आणि तिच्यावर भाकरी भाजतो, त्याचे. म्हणजे माती कालवावी, काही भाजावं, ही हौस त्यालाही आहेच. ती त्याने दुसऱ्याच्या हाताला भाड्याने दिली आहे एवढंच.

या हिशेबामागे मोठी परंपरा आहे, हे मी नाकारत नाही. अ‍ॅडम स्मिथचा १७७६ चा ग्रंथ टाचणीच्या कारखान्याने सुरू होतो. टाचणी बनवण्याची अठरा कामं दहा माणसांनी वाटून घेतली तर दिवसाला ४८,००० टाचण्या होतात. एकट्याने सगळं करायचं म्हटलं तर वीससुद्धा होतील की नाही शंका. ज्याला जे उत्तम येतं ते त्याने करावं, बाकीचं विकत घ्यावं, हे शहाणपण तिथून आपल्यापर्यंत आलं. पण त्याच ग्रंथात पुढे स्मिथने हेही लिहून ठेवलं आहे की ज्याचा जन्म दोन-चार साध्या क्रिया पुन्हापुन्हा करण्यात जातो, त्याची बुद्धी वापरावाचून गंजते. श्रमविभागणीचा सगळ्यात मोठा वकीलच तिची किंमत सांगून गेला, पण लोक पहिलं प्रकरण वाचून पुस्तक मिटतात. सोमवार ते शुक्रवार आपण सगळे टाचणीचं एकेक टोक घासतो. मीही घासतो. शनिवार-रविवारीही दुसरं काही करायचं नाही, कारण बाजारात ते स्वस्त आणि चांगलं मिळतं, हा सल्ला स्मिथचा नाही, दुकानदाराचा आहे.

आता "कोपऱ्यावरची चांगली असते" या मुद्द्याकडे वळतो. आमच्या सोसायटीच्या आवारात संध्याकाळी चाळिशीतली माणसं टेनिसबॉलने क्रिकेट खेळतात. त्यांना कोणी जाऊन सांगत नाही की भारतीय संघ तुमच्यापेक्षा फार बरा खेळतो, तुम्ही कशाला दमता? गणपतीत आरती बेसूर म्हणणाऱ्याला कोणी ध्वनिमुद्रिका आणून देत नाही. खेळात आणि गाण्यात हौशी माणसाला आपण जागा ठेवली आहे. स्वयंपाकघरात ती कधी ठेवलीच नाही. तिथे पदार्थ जमला की "बरा झालाय" आणि बिघडला की दहा वर्षं आठवण. असं का, याचं उत्तर मला भाच्याने नाही, त्याच्या आईने दिलं.

ताईचा आक्षेप भाच्याच्या आक्षेपापेक्षा कितीतरी वजनदार आहे. ती म्हणाली, "तू वर्षातून एकदा चकल्या तळतोस, म्हणून तुला मजा येते. रोज दोन्ही वेळा पोळ्या लाट आणि मग लेख लिही." ताईचं लग्न १९८४ चं. पहिल्या दिवाळीला सासरी तिच्याकडे अनारसे सोपवले होते. तांदूळ तीन दिवस भिजवून, सावलीत सुकवून, कुटून, गुळात मळून ठेवलेलं पीठ. खसखशीवर थापून पहिला अनारसा तिने तुपात सोडला आणि तो हसला. ज्यांनी अनारसा हसताना पाहिला नसेल त्यांना सांगतो: जाळी पडायच्या ऐवजी तो कडेने विरत जातो आणि क्षणात कढईभर नुसता चुरा तरंगतो. अनारसा हसला, ती रडली. पुढची कित्येक वर्षं फराळाला आलेल्या पाहुण्यांना सासूबाई तो किस्सा रंगवून सांगत. ताईने नंतर उत्तम अनारसे केले, शेजारणींना शिकवले, पण आजही ती तूप तापवायला ठेवते तेव्हा तिचा चेहरा परीक्षेच्या हॉलमधला असतो.

या आक्षेपाला आकड्यांचाही आधार आहे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या बायका-मुलींपैकी ८१.२ टक्के दिवसभरात घरातलं बिनपगारी काम करतात, पुरुष-मुलग्यांपैकी २६.१ टक्के. जे करतात त्यांतही बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि पुरुष ९७. हिशेबनिसाला अशी तफावत दिसली की तिथे लाल पेन्सिल थांबतेच. आणि स्मिथचाच दाखला पुन्हा घ्यायचा तर तो अविवाहित होता, आयुष्याचा मोठा काळ आईबरोबर राहिला, आणि नात्यातली एक बहीण, जॅनेट डग्लस, त्याचं घर सांभाळायची. त्याचं जेवण कोण रांधत होतं हा प्रश्न कात्रिन मार्सल या स्वीडिश लेखिकेने पुस्तकभर विचारला आहे. कसाई, बेकरीवाला आपल्या फायद्यासाठी जेवण पुरवतात असं लिहिणाऱ्या माणसाच्या हिशेबात घरातली चूल कुठेच धरलेली नव्हती.

तेव्हा ताईचं म्हणणं मी पूर्ण मान्य करतो. पण त्यावरून ती जो निष्कर्ष काढते तो मान्य करत नाही. ती म्हणते, स्वयंपाक ही मजा नव्हेच, ती पुरुषांनी लांबून पाहिलेली मजा आहे. मला वाटतं, तोच सोऱ्या, तीच भाजणी आणि तीच कढई असूनही मला मजा आली आणि तिला घाम फुटला, याची दोन कारणं आहेत. एक, मला नाही म्हणता येत होतं. मी चकल्या केल्या नसत्या तर कोणी माझ्या माहेरचा उद्धार केला नसता. दोन, माझ्या चकल्या बिघडल्या तरी चालणार होतं. ताईला या दोन्हींतलं काहीही नव्हतं. तिच्याकडून काढून घेतली होती ती चकली नव्हे, चकली बिघडवण्याची मुभा. हौस आणि राबणूक यांच्यातली भिंत कामाच्या कष्टाची नसते. कष्ट दोन्हीकडे सारखे. भिंत असते ती बिघडलं तर काय होतं याची.

आणि म्हणून माझ्या बाजूच्या लोकांसाठी एक अट. जो घरात रोजची भांडी घासत नाही, मंगळवारची भाजी चिरत नाही, त्याने रविवारी एप्रन बांधून बिर्याणीची मजा सांगू नये. त्याच्या मजेची पातेली मागाहून दुसरंच कोणी घासत असतं. आधी २९९ आणि ९७ मधलं अंतर आपल्या घरापुरतं मिटवा. मग हौसेच्या गप्पा.

इथे एक पळवाट नेहमी सापडते. "आमच्या हाताला ती चव कुठली? ती आईच्या हातची." या वाक्याने मराठी पुरुषाला पिढ्यान् पिढ्या ओट्यापासून लांब ठेवलं आणि वर ते आईचं कौतुक म्हणून खपलं. चव हाताला नसते, प्रमाणाला आणि सरावाला असते, आणि प्रमाण कागदावर उतरवता येतं हे आपल्याला दीडशे वर्षांपासून माहीत आहे. 'सूपशास्त्र' हे मराठीतलं छापील पाकशास्त्राचं पुस्तक १८७५ चं आणि ते लिहिणारे रामचंद्र सखाराम गुप्ते पुरुष होते. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र' १९१० चं, हजार पाकक्रियांचं. १९७० साली कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आली आणि तिने वाटी-चमच्याचं माप दिलं. ज्या मुलीला जवळ आई नाही, जो मुलगा परगावी खोली घेऊन राहतो, त्याच्या हातात वाटी होतीच, तराजू नव्हता. दुर्गाबाई भागवतांसारख्या विदुषीला पाककृतींवर 'खमंग' लिहावंसं वाटलं. म्हणजे ही विद्या रक्तातून नव्हे, अक्षरांतून वाहत आली आहे. ज्याला वाचता येतं त्याला "आमच्या हाताला चव नाही" म्हणायची सोय उरलेली नाही.

भाच्याने त्या दिवशी 'रुचिरा' चाळली आणि मला विचारलं, "वाटी म्हणजे किती मिली?" मी म्हटलं, तुझ्या घरातली कुठलीही एक वाटी घे आणि शेवटपर्यंत तीच ठेव. त्याला ते पटलं नाही. संगणकवाल्याला एकक लागतं. पण वाटीच्या मापातली गंमत हीच की ते प्रमाण आहे, परिमाण नाही. तांदळाच्या चार वाट्या, हरभऱ्याच्या डाळीच्या दोन, उडदाच्या डाळीची एक. वाटी मोठी असली तर चकल्या जास्त होतील, बिघडणार नाहीत.

आता माझ्याच बाजूच्या वकिलांकडे वळतो, कारण त्यांनी या खटल्याचं भाच्यापेक्षा जास्त नुकसान केलं आहे. हे लोक हाताच्या कामाची बाजू घेतात, पण ती मजा आहे असं म्हणायला त्यांना लाज वाटते. मग ते फायदे सांगतात. मुलांच्या मेंदूचा विकास होतो. बोटांचे स्नायू बळकट होतात. ताण कमी होतो. एकाग्रता वाढते. लगेच बाजारात पेटी येते: आत मोजून कापलेले कागद, डिंकाची नळी, सूचनांचा तक्ता आणि झाकणावर वयोगट. मूल ती पेटी उघडतं, तक्त्यावरच्या चित्रासारखी वस्तू करतं आणि तिच्याकडे पुन्हा ढुंकून बघत नाही. पेटीत सगळं असतं, बिघडण्याला जागा तेवढी नसते.

फायदे होत नाहीत असं नाही. माझंच सांगतो. पहिल्या वर्षी मी आकाशकंदील बांधला तो चौकोनी. बांबूच्या कामट्या सोलून, दोऱ्याने कोपरे आवळून सांगाडा उभा केला. उचलला की तो तिरपा व्हायचा, सरळ केला की दुसरीकडे लवंडायचा. अर्धा तास मी त्याच्याशी कुस्ती खेळलो. शेवटी वैतागून एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एक कामटी तिरकी बांधली आणि तो एकदम गप्प उभा राहिला. पुढे कधीतरी अरविंद गुप्तांची काड्यांची खेळणी पाहिली. आयआयटीतून निघालेला हा इंजिनिअर पुण्याच्या 'आयुका'त बरीच वर्षं कचऱ्यातून खेळणी बनवून मुलांना विज्ञान शिकवत होता. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांत आगपेटीच्या काड्या खोचल्या की चौकोन होतो, तो दाबला की लवंडतो. त्रिकोण लवंडत नाही. लोखंडी पुलांत त्रिकोण का असतात ते तिथे कळतं. माझ्या कंदिलाने मला तेच शिकवलं होतं.

पण मी कंदील शिकण्यासाठी बांधला नव्हता. तेव्हापासून दरवर्षी चांदणी करतो. पाच कामट्यांची एक चांदणी, तशीच दुसरी, दोन्हींची टोकं एकमेकींना बांधायची आणि आतल्या पाच कोपऱ्यांत बोटभर कामट्यांचे टेकू सारायचे. पाचवा टेकू बसला की चपटी चांदणी पोट फुगवून उभी राहते. मग मैद्याची खळ आणि पतंगी कागद. ओल्या खळीने कागद सुरकुततो, लोंबतो आणि वाटतं, गेलं सगळं. हात लावायचा नाही. तासाभराने तो वाळतो आणि ढोलकीच्या पुडीसारखा ताणून बसतो. त्या एका तासासाठी मी कंदील बांधतो. बोटांच्या स्नायूंचं काय झालं ते मला माहीत नाही.

याच बाजूचा आणखी एक लाडका मंत्र म्हणजे "वस्तू महत्त्वाची नाही, प्रक्रिया महत्त्वाची." हेही खरं नाही. मायकेल नॉर्टन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. नवख्या लोकांना त्यांनी कागदाचे बेडूक आणि पक्षी घडवायला दिले आणि मग विचारलं, याचे किती पैसे द्याल? त्रयस्थांना ते म्हणजे चुरगळलेले बोळे वाटले. करणाऱ्यांनी मात्र आपल्या बोळ्याला तरबेज माणसाच्या घडीइतकं मोल दिलं. भाच्याच्या हाती हे पडलं तर तो म्हणेल, बघ, भ्रम आहे! असेल. माणूस आपल्या पोराबद्दलही असाच भ्रमात असतो आणि त्याच्यावर इलाज करा म्हणून कोणी मागे लागत नाही. पण त्या अभ्यासातली मला जास्त महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळी आहे. ज्यांचं काम अर्धवट राहिलं, किंवा पुरं होऊन पुन्हा मोडून टाकलं गेलं, त्यांच्यात ते प्रेम उतरलंच नाही. म्हणजे नुसती प्रक्रिया पुरत नाही. कंदील लागला पाहिजे. चकली वाकडी असली तरी खाता आली पाहिजे. बिघडू द्या म्हणजे सोडून द्या नव्हे.

तिसरे विरोधक स्वतःला विरोधक समजत नाहीत. ते म्हणतात, "इतकं छान करतोस, विकत का नाही?" किंवा "रील का नाही टाकत?" दोन्ही वाक्यांत कौतुक आहे आणि दोन्हींत विष आहे. विकण्याला माझा विरोध नाही. १९५९ च्या १५ मार्चला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून 'लिज्जत' उभं राहिलं. ते पापड म्हणजे हजारो घरांचं पोट आहे, त्याला हौस म्हणणं हा अपमान होईल. बचतगटाच्या बायकांकडून मी दरवर्षी चिवडा आणि शेव घेतो, घेत राहीन. फराळ विकत घेणं हे पाप नाही, आणि तसं सुचवून नोकरी करणाऱ्या बायकांना खजील करणाऱ्यांशी माझं आजन्म वैर आहे. पण विकायच्या पापडाची पारी एकसारखीच लागते, आणि लागावीच. गिऱ्हाईक वाकड्या चकलीचे पैसे का देईल? विक्री सुरू झाली की बिघडवण्याची मुभा संपते. रीलचंही तेच. तिथे पहिला घाणा कापून टाकतात. दिसतो तो पाचवा, तोही वरून उजेड सोडून. तो पाहून घरी बसलेल्या नवशिक्याला वाटतं, आपलं काही खरं नाही.

किल्ल्यांचं काय झालं ते बघा. सांगलीला आम्ही दिवाळीत किल्ला करायचो तेव्हा विटा आणि दगड रचून त्यांवर चिखलात बुडवलेलं गोणपाट पांघरायचो. त्याला आपोआप कडे-कपारी पडायच्या. बुरूज हटकून खचायचा. वर हळीव पेरायचे, तीन-चार दिवसांत हिरवळ यायची आणि मांजर नेमकं त्याच हिरवळीत झोपायचं. आता प्लास्टरचा तयार किल्ला मिळतो, बुरुजांसकट, रंगवलेला. त्याचा बुरूज खचत नाही. मग पोरांनी त्या चार दिवसांत करायचं काय? महाराजांना सिंहासनावर बसवायचं आणि फोटो काढायचा.

"हे सगळं सणाचं झालं, रोज कुठून आणायचा वेळ?" हा शेवटचा आक्षेप. सण हा खरं तर यातला सगळ्यात वाईट दिवस, कारण त्या दिवशी पाहुणे असतात आणि परीक्षा असते. हौस आडदिवशी करावी. नवशिक्याने मंगळवारी रात्री थालीपीठ लावावं. भाजणी, कांदा, कोथिंबीर, तिखट-मीठ, पाणी. ओल्या फडक्यावर थापायचं, बोटाने भोकं पाडायची, तव्यावर उलटं टाकून फडकं सोलायचं. फाटलं तर तव्यावरच बोटाने जोडायचं. त्याचा आकार गोल असलाच पाहिजे असं कोणी म्हणत नाही. तयार भाजणी आणली तर वीस मिनिटांचा मामला. जेवण तर कसंही करायचंच आहे, वेगळा वेळ काढायला नको. ते पचलं की पुढच्या आठवड्यात शिळ्या पोळीचा फोडणीचा चुरा, मग उकड. कढी फुटली तर फुटली. मोठ्या माणसाच्या आयुष्यात चुकलं तरी पगार कापत नाहीत, कोणी मूल्यमापनाचा तक्ता काढत नाही, अशा जागा फार उरलेल्या नाहीत. कचेरीत नाहीत, रस्त्यावर गाडी चालवताना तर नाहीतच. एक ओटा आहे. तिथेही आपण तासाचा भाव, फायद्यांची यादी आणि कॅमेरा घेऊन गेलो तर दोष बाजाराचा नाही.

त्या रविवारी शेवटी भाचा ओट्यापाशी आलाच. पटलं म्हणून नाही, फोनची बॅटरी संपली म्हणून. मी भाजणी मोजून परातीत घेतली आणि मोहन घालायचं काम त्याला दिलं. वाटीला एक चमचा कडकडीत तेल. त्याने चमच्याऐवजी पळी उचलली. मी तेव्हा सोऱ्याची ताटली बदलत होतो. ताई समोर खुर्चीत बसली होती, पाय स्टुलावर. या वर्षी तिने काहीही करायचं नाही असं ठरलं होतं आणि ती ते निष्ठेने पाळत होती.

पीठ मळलं, सोऱ्यात भरलं. भाच्याने चार चकल्या पाडल्या, माझ्यापेक्षा गोल, टोकं दाबून. मी त्या तेलात सोडल्या. फेस आला, आणि फेसाखाली चारही चकल्या शांतपणे विरघळल्या. जास्तीच्या मोहनाने असंच होतं. कढईत नुसता चुरा फिरत होता. आम्ही दोघांनी एकदम ताईकडे पाहिलं.

ती उठली. झाऱ्याने चुरा निथळून वाडग्यात काढला, फ्रिजमधलं दही आणून त्यावर घातलं, एक चमचा तोंडात टाकला. "तिखट थोडं कमी आहे," म्हणाली आणि वाडगा घेऊन पुन्हा पाय वर करून बसली.

"मामा, हा घाणा तोट्यात धरायचा ना?" भाच्याने विचारलं. मी त्याला पिठात आणखी भाजणी मळायला सांगितली. दुसऱ्या घाण्याला तेल तापेपर्यंत ताईचा वाडगा रिकामा झाला होता.